सोळाव्या वर्षाचा आरसा

वाचकहो, ज्या घरात तेरा ते एकोणीस वर्षांचे नातवंड वाढत आहे, त्या घरातील ज्येष्ठांची तक्रार माझ्याकडे बहुधा दोन भागांत येते. पहिला भाग गुडघ्यांचा, झोपेचा, रक्तदाबाचा. तो सांगून झाला, चिठ्ठी हातात पडली, की दाराशी पोहोचता पोहोचता दुसरा भाग येतो : "डॉक्टर, आमच्या नातवाचं काही कळत नाही बघा. काही विचारलं की अंगावर येतो. आरशासमोर तास न् तास उभा असतो, पण आजोबांना तांब्याभर पाणी द्यायला दोन मिनिटं नसतात." साताऱ्यासारख्या गावात सत्तावीस वर्षे व्यवसाय केल्यानंतर मला असे वाटू लागले आहे, की हा दुसरा भागच पुष्कळदा पहिल्याचे कारण असतो. म्हणून आज त्याविषयी आपल्याशी थोडे सविस्तर बोलावे म्हणते.

अशा मुलांसाठी आपल्या पिढीजवळ शब्द होतेच : शिष्ट, हेकट, माजोरी. अलीकडे त्यांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. मोबाइलवरील चित्रफिती पाहून आईवडील विचारतात, "आमचा मुलगा नार्सिसिस्ट तर नाही ना?" मराठीत यासाठी 'आत्मप्रेम' किंवा 'आत्मरती' असे शब्द वापरतात. ('स्वमग्नता' हा शब्द मात्र ऑटिझम या सर्वस्वी वेगळ्या अवस्थेसाठी रूढ आहे, दोहोंची गल्लत करू नये.) स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजणे, सतत कौतुकाची अपेक्षा धरणे, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नसणे आणि टीका झाली की संतापणे, ही त्याची ठळक लक्षणे. यादी वाचली, की प्रत्येक घरातील सोळा वर्षांचे मूल तीत चपखल बसल्यासारखे वाटते. नेमके येथेच थोडे थांबायला हवे.

हा शब्द ज्या ग्रीक कथेतून आला, ती लॅटिन कवी ऑव्हिड याने विस्ताराने सांगितली आहे. नार्सिसस नावाचा देखणा युवक रानातील झऱ्यावर पाणी प्यायला वाकतो, पाण्यातील रूपावर भाळतो आणि तेथून उठूच शकत नाही. तहानभूक विसरून तो तेथेच झुरून मरतो. फ्रॉइडने १९१४ साली याच विषयावर निबंध लिहिला आणि हा शब्द मानसशास्त्रात पक्का झाला. या कथेतील दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, त्या वेळी नार्सिससचे वय सोळा वर्षांचे होते. दोन, पाण्यात दिसणारे रूप आपलेच आहे, हे त्याला आरंभी ओळखूच येत नाही. मला ही दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. आरशासमोर रेंगाळणारे आपले नातवंड स्वतःवर भाळलेले आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात आरशातला हा नवा माणूस कोण, हेच त्याला अजून उमगलेले नसते.

आठवून पाहा. दोन-तीन वर्षांत उंची वीतभर वाढते, आवाज फुटतो, मिसरूड येते, मुलीची पाळी सुरू होते, गालांवर मुरुमे उठतात. कालपर्यंत ओळखीचे असलेले शरीर अचानक परके होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली या वयाच्या विचार करण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली म्हणजे 'काल्पनिक प्रेक्षक'. सगळे जग आपल्याकडेच पाहत आहे, असे या मुलांना मनापासून वाटते. कपाळावरच्या एका फोडासाठी नात सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला येत नाही, ती याच प्रेक्षकांच्या भीतीने. दुसरी म्हणजे 'स्वतःची दंतकथा'. आपल्यासारखे दुःख कोणालाच झालेले नाही, आपल्याला कोणी समजूच शकत नाही आणि गाडी कितीही वेगाने हाकली तरी आपल्याला काही होणार नाही, ही ती दंतकथा. मोबाइलने या काल्पनिक प्रेक्षकांना खरे रूप दिले आहे. किती जणांनी आपले छायाचित्र पाहिले आणि किती जणांनी ते पाहूनही काही म्हटले नाही, याचा आकडा आता रात्रंदिवस हातात असतो. ही सारी आत्मकेंद्रितता वयाची आहे. बहुतेक मुलांमध्ये ती वयाबरोबर ओसरते.

आता रागाकडे वळू. मेंदूतील भावना चेतवणारी केंद्रे पौगंडावस्थेत लवकर जागी होतात. त्यांना आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागील भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. घोडा तरणा आणि लगाम अजून शिवून व्हायचा, अशी ही स्थिती. त्यात झोपेची भर पडते. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलाला खरोखरच लवकर झोप येत नाही. त्याच्या शरीराला ८ ते १० तासांची झोप हवी असते. शाळा सकाळी सातची, शिकवणी रात्री नऊपर्यंत आणि नंतर अंथरुणात मोबाइल. हिशेब सहा तासांवरही जात नाही. रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्या नातवाला आपण आळशी म्हणतो, तेव्हा तो आठवड्याची उधारी फेडत असतो. झोप अपुरी असलेले मूल चिडचिडे होणारच. मग त्याच्यावर संस्कार कितीही चांगले झालेले असोत.

या रागाच्या तळाशी मला वारंवार आढळते ती लाज. पाहुण्यांसमोर वडिलांनी गुण विचारले, काकूंनी चुलत भावाचे उदाहरण दिले, आजोबांनी थट्टेत "आमचे साहेब!" म्हटले आणि सगळे हसले. मूल ताटावरून उठते, दार आपटते, नको ते बोलते. आपल्याला दिसते ते उद्धट वागणे. त्याच्या मनात मात्र सर्वांदेखत उघडे पडल्याची आग असते. फुगा जितका फुगलेला, तितकी त्याची कातडी पातळ. बढाईखोर मूल टीकेने लवकर पेटते ते यामुळेच. "याचा माज एकदा उतरवलाच पाहिजे" हा आपल्याकडचा जुना उपाय म्हणूनच उलटतो. माज उतरत नाही, लाज वाढते, आणि तिच्याबरोबर रागही.

मग कौतुक करावे का? येथेही एक भेद समजून घेण्यासारखा आहे. नेदरलँड्समधील ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५६५ मुलांचा व त्यांच्या पालकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. मुले ७ ते १२ वर्षांची होती आणि दर सहा महिन्यांनी, अशी चार वेळा पाहणी करण्यात आली. ज्या मुलांना "तू इतरांपेक्षा खास आहेस, तुला विशेष वागणूक मिळायलाच हवी" असे वाढवले जात होते, त्यांच्यात पुढे आत्मप्रौढी वाढलेली दिसली. ज्यांना घरात माया आणि जिव्हाळा मिळत होता, त्यांच्यात निरोगी स्वाभिमान वाढला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे वेगळे आणि मायेने जवळ घेणे वेगळे, असाच याचा अर्थ.

हे आपल्या घरांना ताडून पाहा. नातू जेवून उठतो आणि ताट तेथेच राहते. ते उचलते बारा वर्षांची बहीण. सामना त्याला पाहायचा असतो म्हणून आजीचे कीर्तन बंद होते. "मुलगा आहे, जाऊ द्या" असे म्हणत ही वागणूक आपणच दहा-बारा वर्षे देतो आणि सोळाव्या वर्षी अचानक त्याच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करतो. आपले ताट आपण उचलणे हा शिष्टाचाराचा भाग तर आहेच, पण या घरात माझ्यासारखीच इतरही माणसे आहेत, याची ती दररोजची उजळणी असते.

आपल्यापैकी जे घरातील आजारी माणसाची शुश्रूषा करीत आहेत, त्यांच्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका घराची हकीकत सांगते. आजोबांना पक्षाघात झाला. दोन खोल्यांचे घर. रुग्णालयातून आणल्यावर त्यांची खाट आतल्या खोलीत टाकली, म्हणजे पंधरा वर्षांच्या नातवाच्या खोलीत. त्याचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आईचा दिवस औषधे, कूस बदलणे, कपडे बदलणे यात जाऊ लागला. तीन महिन्यांनी मुलगा आईवर ओरडला, "तुम्हाला फक्त आजोबाच दिसतात, मी मेलो तरी कळणार नाही." घरात सर्वांनी त्याला स्वार्थी ठरवले. आई रडत माझ्याकडे आली, ती स्वतःच्या पाठदुखीसाठी.

मी मुलाला भेटायला बोलावले. तो आला, बराच वेळ नखे पाहत बसला आणि मग म्हणाला, रात्री आजोबांच्या घशातून आवाज येतो, तो थांबला तर काय, या भीतीने आपल्याला झोप लागत नाही. त्याच्या रागात हरवलेली खोली होती, आईचा हरवलेला वेळ होता, आणि आजोबांविषयीची भीतीही होती. ती सांगायला त्या घरात कोणाला सवड नव्हती. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. आजोबांचा आजार मुलाला नीट समजावून सांगायचा. त्याच्या झोपण्याची सोय रात्रीपुरती बाहेरच्या खोलीत करायची. आणि संध्याकाळी अर्धा तास शेजारच्या काकूंना आजोबांजवळ बसवून आईने मुलाबरोबर बाहेर एक फेरी मारायची. चमत्कार घडला नाही. ओरडणे कमी झाले, एवढे खरे. आणि काही आठवड्यांनी आजोबांची दाढी करण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की घरातील धडधाकट मूल काही मागत नाही, म्हणून त्याला काही नकोच आहे असे समजू नका.

आमच्या घरीही हे वय येऊन गेले. मुलगा पंधरा वर्षांचा असताना दार आपटून आत जाई, ते जेवायलाही बाहेर येत नसे. माझ्या सासूबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत असत. दार आपटल्यावर त्या कधी दारावर थाप मारीत नसत. अर्धा-पाऊण तास गेला, की बसल्या जागेवरून हाक मारीत, "बाळा, सुईत दोरा ओवून दे रे. मला दिसत नाही." तो फुगलेल्या तोंडाने बाहेर येई. पुन्हा हाक येऊ नये म्हणून एकदम चार सुया ओवून ठेवी. सासूबाई एवढेच म्हणत, "झालं? आता उद्यापर्यंत पुरेल." शाबासकी नाही, उपदेश नाही, मघाच्या भांडणाचा उल्लेखही नाही. काही महिन्यांनी तो सुया ओवून झाल्यावर तेथेच गोधडीवर लोळू लागला. मित्रांनी आपल्याला गटातून काढले आहे, ही गोष्ट त्याने सर्वांत आधी सांगितली ती आजीला.

सासूबाईंनी केले ते शास्त्राला धरूनच होते. रागाचा भर ओसरायला लागणारा वेळ त्यांनी दिला. त्यांची गरज खरी होती. सुई त्यांना खरोखरच दिसत नव्हती. ज्याला आपण कोण हे कळत नाही, त्याला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे कळणे, ही त्या वयातील मोठी कमाई असते. आईवडिलांना गुणांची, प्रवेशाची, शुल्काची चिंता असते. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला परीक्षेचा वास येतो. आपण, आजी-आजोबा, त्या शर्यतीत नाही. हे आपले मोठे बळ आहे.

प्रत्यक्ष रागाच्या वेळी काय करावे, तेही सांगते. आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा. शक्य तर खाली बसा. दारात आडवे उभे राहू नका, हात धरू नका, हातातला मोबाइल हिसकावू नका; घरातील झटापटींची सुरुवात येथूनच होते. "आत्ता आपण दोघंही रागावलो आहोत, नंतर बोलू" एवढे म्हणून दुसऱ्या खोलीत जा. नंतर मात्र बोलाच. राग येणे समजू शकते, शिवी देणे चालणार नाही, हे एका वाक्यात सांगा आणि थांबा. फुटलेला पेला त्यानेच गोळा करावा. मोबाइलचा नियम दिवसा, शांतपणे ठरवावा. रात्री दहाला सर्वांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत, आजोबांचाही. आणि आईने नाही म्हटलेले पैसे आजीने गुपचूप देऊ नयेत. घरातील मोठ्यांचे एकमत नसले, की मूल त्या फटीतून वाट काढते.

काही वेळा रागाचे कारण शरीरात असते, म्हणून एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवावे. मुलींमध्ये रक्त कमी असणे, थायरॉइडची ग्रंथी अधिक काम करणे, पाळीपूर्वीचे दिवस, तंबाखू, गुटखा किंवा दारूची सुरुवात, हे सर्व पाहावे लागते. चालू औषधेही दाखवावीत. सर्दी-दम्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टमुळे काहींच्या मनःस्थितीत बदल होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली याविषयी आपला सर्वांत कडक इशारा दिला. फिट्सवरील लेव्हेटिरासिटाम आणि स्टिरॉइड यांनीही चिडचिड वाढू शकते. मात्र कोणतेही औषध, विशेषतः फिट्सचे, आपल्या मनाने बंद करू नये.

वयाचा राग आणि आजार यांतील सीमा कोठे आहे? किशोरवयात नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल सतत चिडलेले आहे, आवडीचे खेळ आणि मित्र सुटले आहेत, झोप व भूक बदलली आहे, अभ्यास ढासळला आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. प्राण्यांना किंवा लहान मुलांना इजा करणे, घरात व बाहेर सर्वत्र इतरांचा केवळ वापर करणे, कशाचाही पश्चात्ताप नसणे, हे दीर्घकाळ दिसत असेल तरीही. आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्व विकार हे निदान अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तज्ज्ञ फार जपून करतात. लक्षणे किमान एक वर्ष टिकून असावी लागतात, असा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीचा दंडक आहे. एका संध्याकाळच्या भांडणावरून ते घरी करता येत नाही.

"मी मरून जाईन" हे वाक्य मात्र कधीही नाटक समजू नका. मुलाला एकटे सोडू नका. कीटकनाशके, आजोबांच्या झोपेच्या व इतर गोळ्या कुलपात ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. २०२२ पासून ती चालू आहे आणि मराठीतही बोलता येते.

शेवटी आपल्याविषयी. मागे एका आजींचा वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब अचानक वाढला. गोळी बदलण्यापूर्वी मी त्यांच्या दंडावरील निळ्या डागाविषयी विचारले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "नातवाने ढकललं. पण कुणाला सांगू नका, घराची अब्रू जाईल." वाचकहो, वर मी मुलाला समजून घेण्याविषयी जे जे लिहिले, त्यात मार खाणे येत नाही. समजून घेणे म्हणजे सोसत राहणे नव्हे. उतारवयात एका धक्क्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. असे एकदा घडले तरी मुलाच्या आईवडिलांना त्याच दिवशी सांगा, आपल्या डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तातडीच्या प्रसंगी ११२ आहे. त्या आजींच्या संमतीने मी त्यांच्या मुलाला व सुनेला बोलावले. नातवावर आता उपचार चालू आहेत आणि आजींची गोळी पूर्वीचीच आहे. लपवून ठेवले असते, तर त्या मुलालाही मदत मिळाली नसती.

ज्या घरात गोष्टी या थराला गेलेल्या नाहीत, आणि बहुतेक घरांत त्या गेलेल्या नसतात, त्यांना मी एकच सुचवीन. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख फार बारीक अक्षरात छापलेली असते. पुढच्या वेळी चष्मा शोधू नका. नातवाला हाक मारा, म्हणावे, "जरा वाचून दे, माझ्या डोळ्यांना दिसत नाही." तो तोंड वाकडे करील, घाईघाईने वाचील आणि निघून जाईल. जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पाकीट पुन्हा येणारच आहे.